चौथं प्रकरण वाचून दाखवताना

“तिथे नको, ओलं आहे. या खोक्यावर बैस,” बाटलीकाकू म्हणाली, “आणि जरा मोठ्यानं वाच. थोरलीला डाव्या कानानं कमी ऐकू येतं.”

“कमी येत नाही. मी ऐकत नाही,” थोरली म्हणाली.

वाचायला आलेली ती खोक्यावर बसली, मांडीवर आपल्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाचे कागद घेऊन. समोर कारखाना चालवणारी काकू, आणि तिच्याकडे कामाला असलेल्या थोरली नि धाकटी. मागे बाटल्या धुण्याचा लांबलचक हौद, पण रिकामा. वाफेचं यंत्र सकाळीच कुणीतरी उचलून नेलं होतं. ते जिथे उभं असायचं तिथली फरशी बाकीच्या जमिनीपेक्षा पांढरीफटक होती, चष्मा काढल्यावर नाकावर दिसणाऱ्या खुणेसारखी.

कारखाना बंद झाला होता आणि ते तिला दारात आल्यावर कळलं होतं.

विद्यापीठात ती शाश्वत उद्योजकतेवर पीएच.डी. करत होती. विद्यार्थ्यांच्या खोलीत सगळी तिच्या लेकीच्या वयाची मुलं, त्यामुळे तिचं नाव आपोआप ‘मावशी’ पडलं होतं. आधी नोकरी सांभाळून, मग नोकरी सोडून तिनं हे काम रेटलं. मधल्या काळात लेक शिकून कामाला लागली, आणि नवरा जेवताना विचारू लागला, “डॉक्टरीणबाई, आज मिठावर पण संशोधन चालू आहे का?” तो हसायचा, पण भांडीही तोच घासायचा.

तिचा सगळा प्रबंध या चौथ्या प्रकरणावर उभा होता. जॅमवाले, सॉसवाले, मधवाले यांच्या रिकाम्या बाटल्या गोळा करायच्या, धुवायच्या, परत द्यायच्या, हा या कारखान्याचा धंदा. आजूबाजूचे असले सगळे धंदे बसले, मग हाच कसा टिकला, हा तिचा प्रश्न. उत्तरही तिनं शोधून काढलं होतं, पुराव्यांसकट.

अशा संशोधनात एक रीत असते. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना ते वाचून दाखवायचं, आणि त्यांनी ‘हो, असंच आहे’ म्हटलं की मगच पुढे जायचं. तेवढ्यासाठीच ती आज आली होती. मोकळा हौद पाहून ती उलट्या पावली बाहेर गेली आणि मार्गदर्शक बाईंना फोन लावला. बाई तिच्याहून बऱ्याच लहान. दोघी एकमेकींना ‘मॅडम’च म्हणायच्या, त्यामुळे ऐकणाऱ्याला गुरू कोण आणि चेला कोण हे कधी कळत नसे.

“मॅडम, कारखाना बंद पडलाय हो.”

“अरेरे. कधी?” आणि थोडं थांबून, “मॅडम, तुमचा अभ्यास गेल्या वर्षापर्यंतचा आहे. तेव्हा चालू होता ना? मग झालं. वाचून दाखवा, होकार घ्या, या महिन्यात प्रबंध जमा करा. आता हे घालायला बसलात तर निष्कर्षच कोसळतो. आणि मुदतवाढ आता नाही मिळणार. नोंदणी रद्द होईल, पहिल्यापासून सगळं. ऐका माझं.”

बाईंच्या आवाजात खरी काळजी होती, तेच अवघड होतं.

म्हणून ती वाचत होती.

“‘हौदावर काम करणाऱ्या दोन सख्ख्या बहिणी...’”

“कोण बहिणी?” धाकटी ताडकन म्हणाली. “जावा आहोत आम्ही!”

“अगं बाई. इतक्या हक्कानं भांडता, मला वाटलं बहिणीच.”

“घरी बोलत नाही आम्ही एकमेकींशी,” थोरली म्हणाली. “जे काय भांडायचं ते इथेच.” आणि मग तिची नजर रिकाम्या हौदाकडे गेली.

“पुढे वाच,” काकू म्हणाली.

तिनं वाचलं. दोन बाटल्या एकमेकींवर हलकेच वाजवून तडा कसा ओळखतात. मधवाल्याच्या लेबलाचा डिंक इतका चिवट, की धाकटी त्याला ‘सासरा’ म्हणते. यावर तिघी खळखळून हसल्या. काकू तर डोळे पुसत म्हणाली, “हे पण लिहिलंस? विद्यापीठात वाचणार हे?” आपलंच जुनं लग्नाचं चित्रीकरण बघावं तशा त्या ऐकत होत्या.

मग शेवटचा परिच्छेद आला. “‘परिसराशी जोडलेल्या नात्यांमुळे या उद्योगाची मुळं खोलवर गेली आहेत, आणि नजीकच्या काळात तरी त्याला धोका दिसत नाही.’”

नळातून एक थेंब हौदात पडला.

“छान लिहिलंयस,” काकू म्हणाली. “अगदी बरोबर आहे. कुठे हो म्हणायचं?”

“काकू, पण आता...”

“आताचं राहू दे. चालू आहे असंच असू दे. तुझं अडायला नको, आणि कागदावर चालू राहिलं तर आमचं काय जातंय? उलट बरंच आहे.”

सुटण्याची वाट इतकी सरळ होती. नुसतं ‘बरं’ म्हणायचं होतं. महिनाअखेर प्रबंध जमा, नंतर नवऱ्यानं गल्लीभर पेढे... नाही, पेढे नसते आणले त्यानं, पण भांडी घासताना शीळ नक्की वाजवली असती. तिनं त्या तिघींकडे पाहिलं. ‘बरं’ म्हटलं की या त्या पानांवर कायमच्या हसत, भांडत बाटल्या धुत राहणार, आणि पुढे यांचं काय झालं, हे कुणी कधी विचारणारच नाही. विचारायचं कारणच उरणार नाही.

तिनं कागद बाजूला ठेवले आणि पिशवीतून आवाज टिपायचं यंत्र काढलं.

“हे कशाला आता?” काकू म्हणाली. “तुझं काम झालं ना?”

“नाही झालं. बंद कसं झालं ते सांगा.”

“उशीर होईल तुला.”

“होईल.”

“मग ते तुझं डॉक्टर होणं?”

“बघू. नाही झालं तर नाही झालं,” ती म्हणाली. तिनं यंत्राचं बटण दाबलं.

काकूनं हाताशीच पडलेलं एक फडकं उचलून त्याची नीट घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“तसं आधी काहीच नव्हतं बघ,” ती सांगू लागली. “जॅमवाले प्लास्टिककडे गेले तेव्हा जरा झटका बसला होता. पण त्यातून उठलो आम्ही. सॉसवाले गेले, त्यातूनही उठलो. मधवाला होता ना, एकटा उरलेला. मंगळवारी आला तो.”

“सोमवारी,” धाकटी म्हणाली.

“मंगळवारी गं. तू नळ दुरुस्त करत होतीस.”

“हां, मंगळवारी.”

घरातलं माणूस गेलं की येणाऱ्या प्रत्येकाला जसं पहिल्यापासून सांगतात, कधी उठले, काय बोलले, कुठे बसले, तसं काकू सांगत होती. अधूनमधून जावा दुरुस्त्या करत होत्या. यंत्राचा तांबडा दिवा जळत होता.

“नेहमीसारखा बसला. चहा दिला. इकडचं तिकडचं बोलला. मग कप हातात घेऊनच उठला आणि दारापर्यंत गेला. तिथे पाठमोरा थांबला. म्हणाला, काकू, एक सांगायचं होतं. मला कळलं तेव्हाच, हाही प्लास्टिककडे चालला.”

“मग?” तिनं हळूच विचारलं.

“मग काय,” काकू म्हणाली. “म्हटलं, आधी चहा संपव. गार होतोय.”