हसत वाचलेलं पान

“घरात स्पॅनिश नको. चिखलाच्या बुटांसारखी ती दाराबाहेरच काढून ठेवायची.” वडिलांचा हा आवाज ओफेलियाच्या कानात लहानपणापासून मुरलेला. इंग्रजी शाळेत स्पॅनिश बोलले म्हणून त्यांनी छड्या खाल्ल्या होत्या. लेकीच्या वाट्याला त्या येऊ नयेत, एवढीच त्यांची माया. त्या मायेपायी सॅन अँटोनियोच्या पश्चिम भागात, जिथे भाजीवाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे स्पॅनिशमध्येच हसत आणि रडत, तिथे ओफेलिया बारिएंतोस जन्मभर नुसती मान डोलावत आली. वाचनालयातल्या नोकरीत पुस्तकं परत घेताना कुणी काही बोललं, की हो-हो म्हणायचं आणि पुढच्याकडे वळायचं. असं करता करता केस पिकले.

त्या शनिवारी वाचनालयात मुलांना गोष्ट वाचून दाखवणारी ब्रेंडा आजारी पडली. मुलं चटईवर येऊन बसलेली, मागे त्यांच्या आया, आज्या. वाचनालयाच्या साहेबीणबाई ओफेलियाला म्हणाल्या, तू तर यांच्यातलीच, तूच वाच. ओफेलियानं सवयीनं मान डोलावली. हाती आलं ते चित्रांचं नवं पुस्तक, सगळं स्पॅनिश. एक आजी, तिचा गोतावळा, नाताळचे तमाले. अक्षरं ओफेलियाला लागत. अर्थ तेवढा पलीकडे राही, काचेमागच्या मिठाईसारखा.

ती वाचू लागली. चित्रात तमाल्यांसाठी मक्याचं पीठ मळलं जात होतं, पानांत सारण भरलं जात होतं, भांड्यातून वाफा निघत होत्या. मुलं हसली, तीही हसली. आवाजाला झोका मिळाला, भीती ओसरली. पुढच्या पानावर भरलेलं टेबल, फुलं, मधोमध पेटती मेणबत्ती. आता पंगत बसणार, असं समजून तिनं ते पान गाण्यासारखं खुलून, हसत वाचलं.

एक मुलगा मुसमुसू लागला. आयांनी एकमेकींकडे पाहिलं. ओफेलियाला चूक सापडेना. उरलेली पानं तिनं कशीबशी संपवली.

पुढे बसलेल्या चिमुरड्या नायेलीनं इंग्रजीत विचारलं, “बाई, आजी मेली तेव्हा तुम्ही हसलात का?”

ओफेलियानं ते पान परत उघडलं. तेवढ्यात नायेलीची पणजी, एउलालियाआजी, काठी टेकत पुढे आली आणि पोरीनं इंग्रजीत विचारलं म्हणून मोडक्या इंग्रजीतच म्हणाली, “गप गं चोंबडे. बरोबर वाचलं तिनं. नोव्हेंबरात आपण आपल्या मेलेल्यांना असंच टेबल मांडून जेवायला बोलावतो, ते काय रडत बोलावतो?”

आयांच्या माना हलल्या. एकीनं डोळे पुसले, मग टाळ्या पडल्या. दारातून साहेबीणबाई म्हणाल्या, आता दर शनिवारी हीच वाचेल.

आजीनं ओफेलियाचा हात दोन्ही हातांत धरला आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. सूर मायेचा होता. एकदा मान डोलावली असती, की निभावलं असतं; वस्तीभर नाव झालं असतं. पण ते कौतुक तिला चोरून खाल्लेल्या घासासारखं वाटलं. नायेली अजून तिच्याकडेच बघत होती.

ओफेलियानं हात सोडवून घेतला नाही. मान खाली घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, ती इंग्रजीत म्हणाली, “आजी, तुम्ही काय विचारलंत ते मला समजलं नाही. पुस्तकातली आजी मेली, हेही मला या पोरीनं सांगितलं तेव्हा कळलं. मला आपली भाषा येत नाही.”