आखूड मानेचे मास्तर

मास्तर शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. पस्तीस वर्षं ते शिकाऊ माणसाच्या शेजारी, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर भरवसा ठेवून बसले आणि एवढ्या वर्षांत त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही; घरी मात्र चहा गार मिळाला की घर डोक्यावर घ्यायचे. देहदानाचा अर्ज त्यांनी असाच एका सकाळी भरून टाकला. त्यात दोन पर्याय होते. औषध टोचून देह वर्ष-दोन वर्षं ठेवायचा, नाहीतर औषधाशिवाय नुसता थंड खोलीत ठेवून, चार दिवसांत मुलांना शिकवून घरच्यांना परत द्यायचा. मास्तरांनी दुसऱ्यावर खूण केली. "मला बरणीत मुरवत ठेवू नका म्हणावं," एवढंच बायकोला सांगितलं.

ते गेले तेव्हा मास्तरीणबाईंनी डोळे पुसायच्या आधी मेडिकल कॉलेजला फोन लावला, कारण देह सहा तासांत पोचायला हवा होता. मास्तरांची थोरली बहीण येईपर्यंत कॉलेजची गाडी त्यांना घेऊन निघूनही गेली होती. मास्तरीणबाई त्यांना वन्सं म्हणत. आई लवकर गेल्यावर या भावाला त्यांनीच लहानाचं मोठं केलं होतं. "माझ्या भावाला पोरांच्या हाती चिरायला दिलंस," एवढं बोलून त्यांनी जे तोंड मिटलं ते चार दिवस भावजयीपुढे उघडलं नाही. राहायला त्याच घरात. वाढलं तर जेवत, मीठ हवं असलं तर नुसतं डब्याकडे बघत. भांडण मास्तरीणबाईंना चाललं असतं, त्यात त्या कच्च्या नव्हत्या. हा अबोला मात्र जिवाला लागला. आपलं चुकलं तर नाही ना, या एकाच प्रश्नाने त्यांना पोखरून काढलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी देह ताब्यात घ्यायला दोघी कॉलेजात गेल्या. फिनेलचा वास, भिंतीशी लोखंडी खुर्च्या, खिडकीत हातमोज्यांची खोकी. पांढऱ्या कोटातली वीस-बावीस मुलं रांगेत उभी होती. प्राध्यापक भले गृहस्थ, पण भाषण तोंडपाठ: अमूल्य योगदान, समाज ऋणी राहील वगैरे. वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या. मास्तरीणबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण नेमकं काय शिकलात? एक तरी गोष्ट सांगा."

रांगेतून एक चष्मेवाली मुलगी पुढे आली. तिने नखं पार कुरतडली होती.

"मी त्यांच्यावर तीनदा चुकले," ती म्हणाली.

प्राध्यापकांनी डोळे वटारले, पण हिने सगळं सांगून टाकलं. माणूस गुदमरला आणि तोंडातून नळी जाईना, तर गळ्याला पुढून छेद देऊन ती घालावी लागते. हाताशी असतात दोन-तीन मिनिटं. जागा बोटानेच शोधायची; कंठमण्याच्या जरा खाली नखाएवढा मऊ खळगा असतो. औषधातल्या देहाचा गळा लाकडासारखा कडक, तिथे खळगा कळतच नाही. मास्तरांचा गळा होता तसाच मऊ होता, पण मान म्हणजे नावापुरती, हनुवटी संपली की छातीच. पहिला छेद वर गेला, दुसरा बाजूला, तिसरा पुन्हा वर. चौथ्यांदा जागा सापडली, नळी आत गेली, पंपाने हवा भरली आणि मास्तरांची छाती वर आली.

"जिवंत माणूस असता तर माझ्या हातून गेला असता," मुलगी म्हणाली. "त्यांची माफीही मागायची होती आणि आभारही मानायचे होते. आधी कुठलं, तेच कळेना."

मास्तरीणबाईंना रडू फुटलं, आणि चार दिवसांत पहिल्यांदा बरंही वाटलं. त्या आखूड मानेपायी चाळीस वर्षं त्यांनी नवऱ्याच्या प्रत्येक नव्या शर्टाची कॉलर उसवून पुन्हा शिवली होती आणि दर वेळी कुरकुर केली होती. तीच मान या पोरीला केवढं देऊन गेली होती.

"माफी कसली," त्या म्हणाल्या. "यांच्या गाडीत बसून लोकांनी खांब पाडलेत. तू खरं सांगितलंस, उपकार झाले माझ्यावर."

तेवढ्यात खुर्ची करकरली. वन्सं उठल्या होत्या. मास्तरीणबाईंना वाटलं, आता या पोरीची काही खैर नाही. वन्सं मुलीसमोर जाऊन उभ्या राहिल्या, गळ्याशी लावलेलं बटण त्यांनी काढलं आणि हनुवटी वर केली. आमच्या घरात सगळ्यांच्या माना अशाच, त्या म्हणाल्या. बघ, जागा सापडते का.

मुलीने बोट कोटाला पुसलं, कंठमण्यावर ठेवलं आणि खाली सरकवलं. चाचपडावं लागलं नाही. "इथे," ती म्हणाली. वन्संनी स्वतःचं बोट तिथे नेलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग त्या मागे वळल्या.

"अगं, हिला पहिल्याच खेपेला सापडली," त्या भावजयीला म्हणाल्या. "ये, तूही हात लावून बघ."