न विचारता

मोहिनी मॅडम शाळेतून रिटायर झाल्या त्याच वर्षी त्यांनी आवाज गोळा करायला घेतले. जिल्ह्यातल्या मेंढरं राखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे. कोणी गवतांची नावं सांगायचं, कोणी जनावराच्या आजारावरचा पाला, कोणी नुसत्या हाका. कळपाला बोलावायची प्रत्येकाची हाक वेगळी असते, हे आधी मॅडमनाही माहीत नव्हतं. सहा वर्षांत एकशे त्रेचाळीस माणसं झाली. आखाडा बाळापूरला बाजाररस्त्यावर एक खोली, त्यात एक कॉम्प्युटर आणि आवाज नीट करून भरणारी कोमलताई, एवढाच सगळा पसारा.

कॉम्प्युटरचं शिवप्रसाद बघायचा. दोन दुकानं सोडून त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. आवाज भरायचा प्रोग्राम त्यानंच हौसेनं लिहिला होता. गावाचं नाव टाकायचं, बटण दाबायचं. त्या गावाची जुनी प्रत पुसली जायची आणि साफ केलेली नवी प्रत तिच्या जागी बसायची. मात्र सगळे आवाज ज्या फोल्डरमध्ये होते त्याला त्यानं कुलूप घातलं होतं. आत काही पुसायचं तर कॉम्प्युटर दर वेळी अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागायचा, आणि तो शिवप्रसादलाच ठाऊक होता.

कोमलताईला याचा कंटाळा आला. दिवसातून दहा वेळा ती दुकानाच्या दारात यायची.

"शिवप्रसादभाऊ, पुन्हा मागून राहिलं बघा ते."

दुकानात गिऱ्हाईक, हातात उघडलेला प्रिंटर. एक दिवस तो वैतागून उठला आणि प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. आता प्रोग्राम स्वतःच अ‍ॅडमिन म्हणून हुकूम चालवणार होता. कोणी पासवर्ड मागणार नाही, खात्री आहे का म्हणून विचारणार नाही.

हे बरं नाही, हे त्याला त्याच वेळी कळत होतं. सवडीनं बघू, असं तो मनाशी म्हणाला. तसे आठ महिने गेले.

ज्या दिवशी हे घडलं त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले होते. कोमलताईनं मॅडमच्या यादीतून 'गोरेगाव' हे नाव उचलून प्रोग्राममध्ये टाकलं. नावाच्या आधी एक रिकामी जागा चिकटून आली होती. डोळ्यांना ती दिसण्यासारखीही नव्हती. पण कॉम्प्युटरनं एका हुकुमाचे दोन तुकडे वाचले. आधी सगळ्या आवाजांचं फोल्डर पूस, मग गोरेगाव नावाचं काही असेल तर तेही पूस. साध्या माणसाच्या अधिकारात हे चाललं असतं तर कॉम्प्युटर जागेवर अडला असता. अ‍ॅडमिनला कोण अडवणार? हाताशी असावी म्हणून जादा प्रतीची डिस्कही शिवप्रसादनं त्याच फोल्डरच्या आत जोडून ठेवली होती. तीही गेली. रेकॉर्डरची कार्डं तर दर वेळी पुसून पुन्हा वापरली जात.

कोमलताई धावत दुकानात आली. "भाऊ, काहीच दिसून न्हाई राहिलं. मी काय केलं हो?"

शिवप्रसादनं खोलीत जाऊन स्क्रीनवरची नोंद एकदा वाचली. मग पुन्हा वाचली.

"तुमी काई न्हाई केलं, ताई," तो म्हणाला. "हे मी केलं."

त्यानं जमेल ते सगळं केलं. नांदेडला एका जाणकाराकडे दोन्ही डिस्क नेल्या. पंधरा दिवसांनी काही तुकडे हाती आले. दोन सेकंदांची खरखर, एक खोकला, मध्येच मॅडमचा आवाज, 'तुमचं नाव सांगा'. पुढे काहीच नाही.

मोहिनी मॅडम त्याच्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी वही काढली आणि नावांपुढे खुणा करत बसल्या. एकशे त्रेचाळीसांपैकी एकसष्ट जण आता नव्हते.

"आणि हे ज्ञानबा," त्या म्हणाल्या. "आहेत, पण नसल्यासारखे. सांगायला तू जाशील का?"

शिरड शहापूरच्या ज्ञानबांचं उन्हाळ्यात घशाचं ऑपरेशन झालं होतं. जीव वाचला, आवाज गेला. त्यांचा मुलगा संतराम दोनदा बाळापूरला येऊन गेला होता. मेंढरं त्याच्या हाकेला येत नव्हती. बापाची हाक मोबाईलवर घालून द्या, म्हणत होता. दोन्ही वेळा दुकानात गर्दी होती, आणि दोन्ही वेळा शिवप्रसादनं त्याला पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं होतं.

दोन गाड्या बदलून तो पोचला तेव्हा ऊन कलत आलं होतं. ज्ञानबा बाजेवर बसले होते, गळ्याला पांढरा रुमाल. मेंढरं समोरच्या पडीक रानात पांगली होती. त्यांची बायको अनुसयाबाई लगबगीनं बाहेर आल्या.

"आणला का हो आवाज? संतरामाऽ, मोबाईल आण!"

शिवप्रसादनं उभ्यानंच सांगून टाकलं. बसायची हिंमत झाली नाही.

संतरामनं बाहेर आणलेला मोबाईल खिशात घातला. अनुसयाबाईंना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्या खाली उंबऱ्यावर बसल्या.

"पुसायच्या आधी तुमची मशीन इचारत न्हाई का? पुसू का म्हणून?"

"विचारत व्हती," शिवप्रसाद म्हणाला. "मीच तिचं विचारणं बंद केलं."

"काहून?"

यावर त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. दर वेळी उठून जायचा कंटाळा यायचा, एवढंच.

"आवाज घेतला त्या दिशी मॅडमबाईनं यांना बायकोचं नाव इचारलं," अनुसयाबाई खाली बघत म्हणाल्या. "हे लाजले. मंग घेतलं. चाळीस वर्सांत तेवढं एकदाच घेतलं. मी हासले, तर तेबी त्याच्यात आलं म्हणं. मला हाकेचं काई न्हाई. मला तेवढं ऐकायचं व्हतं."

ज्ञानबांनी मान वर केली. एक हात रुमालावर दाबला आणि बायकोकडे बघत तोंड उघडलं. ओठ हलले. नुसती हवा बाहेर आली, फाटक्या भात्यासारखी. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग खोकला सुरू झाला आणि संतरामनं धावत जाऊन त्यांची पाठ धरली.

"नगा, नगा घेऊ," अनुसयाबाई म्हणाल्या. "मला समजलं."

दिवस मावळायला आला तसा संतराम रानात उतरला. त्यानं हाका मारल्या. पुढची काही मेंढरं आली, बाकीची कान हलवून तिथंच उभी राहिली. मग तो काठी घेऊन एकेका मेंढरामागं पळत राहिला. शिवप्रसादही उतरला, पण त्याला पाहून ती आणखीच पांगली. ज्ञानबा बाजेवरून बघत होते.

कळप आत यायला तास गेला. दोन आलीच नाहीत.

अनुसयाबाईंनी चहा दिला. तो प्यायचा की नाही, हे न कळून शिवप्रसाद कप धरून उभा राहिला.

"तुमी सांगायला आलात, बराबर केलं," त्या म्हणाल्या. "दुसरं कोणी आलं नसतं. पण आता पुन्हा येऊ नका. तुमाला पाह्यलं की यांना आठवंल, आन् हे पुन्हा बोलायला बघतील."

त्यानं मान हलवली. चहा गार झाला होता. तो तसाच पिऊन त्यानं कप उंबऱ्याशी ठेवला आणि फाट्याकडे निघाला.