शून्य टक्क्यांतला दादा

आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे झाडू म्हणतो. माणूस वाईट नाही, पण अडगळ दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. या खेपेला त्यांनी टॅब चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचा कोड साफ करायचं काम माझ्या गळ्यात मारलं. त्या कोडमध्ये जागोजागी एकच तपासणी असते: समोरचं अ‍ॅप जुन्या आवृत्तीसाठी बनलंय का? असेल तर त्याच्याशी जुन्या पद्धतीनं वाग. त्या आवृत्त्या आता बाद, म्हणून तपासण्याही काढायच्या. मी गुणगुणत पुसत सुटले होते.

आवाजाच्या भागात पोचले आणि हात थबकला. तिथल्या तपासणीच्या जिवावर दादाचं बोलायचं अ‍ॅप चालत होतं. गळ्याच्या ऑपरेशनआधी दादानं त्यात आपला आवाज भरून ठेवला होता. आता तो टाइप करतो आणि टॅब त्याच्या आवाजात बोलतो, मला 'चिमे' म्हणून चिडवतोसुद्धा. अ‍ॅपवाली कंपनी कधीच बुडाली, आवाज तिच्याच कुलपात राहिला, दुसऱ्या अ‍ॅपमध्ये काढून नेता येत नाही. आईला दिसत नाही. तिच्यापुरता दादा म्हणजे तो आवाज.

मी झाडूंकडे गेले. त्यांनी वापराचा आकडा उघडला. "हे बघ, शून्य टक्के."

"शून्य कसं? एक माणूस आहे. माझा भाऊ आहे."

त्यांनी आकड्याची खिडकी बंद केली. मग म्हणाले, "आवाजाची सगळी यंत्रणाच बदलतेय गं. माझ्या हातात काही नाही. तू नाही काढलंस तर दुसरं कोणी काढेल."

असा संताप आला, पण काढणार कोणावर? त्यांचं खरंच होतं. मी त्या ओळी पुसल्या आणि घरी येऊन पहिलं काम केलं ते दादाच्या टॅबचं अपडेट बंद करण्याचं.

"याला आता हात लावायचा नाही," मी बजावलं.

"बरं, आजीबाई," टॅब दादाच्या आवाजात म्हणाला. आई आत हसली.

पण दैव म्हणतात ना, ते कुठून तरी घुसतंच. टॅबची बॅटरी फुगली. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, या मॉडेलचं काहीच मिळत नाही आता." नवा टॅब आणला. त्यात नवी सिस्टीम, माझ्याच हातानं साफ केलेली. जुनी तिच्यावर चढेना. अ‍ॅप उघडायचं, अक्षरं उमटायची, आवाज मात्र नाही. मला रडू फुटलं. शेवटी टॅबमधला तयार आवाज लावून दिला, सूचना वाचून दाखवणारा, गुळगुळीत.

दादानं टाइप केलं. "चिमे, तोंड पाडू नकोस. चहा टाक," टॅब म्हणाला.

आतून आईनं विचारलं, "कोण आलंय गं?"

दादानंच घाईघाईनं टाइप केलं. "आई, मी आहे."

"बसा हं," आई अदबीनं म्हणाली. "तो येईलच इतक्यात."