खांबातला व्यंकट

गुरुवार आला की मेहकरच्या शिवारात ही झुंबड! कशाला म्हणाल, तर तार खात्याच्या लोखंडी खांबाला शेंदूर लावायला. कान लावला की खांबातून घुंऽऽ असा आवाज येई. त्याचा अर्थ शेजारी बसलेले खांबमहाराज सांगत. ते "गप!" म्हणाले की खांब गप्प, "बोल!" म्हणाले की सुरू. मग काय, लोक लोटांगणं घालायला मोकळे!

तार खात्याचे इंजिनियर भीमराज तिथं आले ते काही दर्शनाला नव्हे. गुरुवार आला की भालकीची लाईन बंद पडायची. जन्मभर त्यांनी लोकांच्या तारा पोचत्या ठेवल्या, पण बायको गेल्यापासून त्यांना तार करणारं कुणी उरलं नव्हतं. डाक बंगल्यात एकट्यानं भाकरी खाताना त्यांना फार वाईट वाटे.

म्हातारी सरुबाई खांबाला मिठी मारून रडत होती. शेजारी तिची सून इंदिराबाई खाली मान घालून उभी होती.

"माझा व्यंकट सोलापूरच्या मिलात हुता," सरुबाई म्हणाली. "लई दिस झाले, चिठ्ठी न्हाई. महाराज म्हणतेत त्यो मेला, आता खांबातून बोलायलाय. उद्या सुनंच्या बांगड्या फोडायच्या."

भीमराजांनी कान लावला. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. बायको गेली त्या वर्षी आडरानात त्यांनीही असाच कान लावला होता, तिचा आवाज येतो का म्हणून. आला नव्हता.

"मावशी, पुढच्या खांबाला चला."

"कामून?"

"चला तर!"

पुढच्या खांबात तोच आवाज, त्याच्या पुढच्यातही तोच.

"अगं बया! माझा व्यंकट हितंबी हाय?"

"व्यंकट कुठल्याच खांबात न्हाई. वाऱ्यानं तार थरथरायलीय, पोकळ खांबात घुमायलीय."

महाराज कडाडले, "मग माझ्या शबुदानं थांबतंय कसं? गप!"

आवाज थांबला. लोकांनी हात जोडले. भीमराजांनी मात्र वर पाहिलं. लाईनला अडकवलेली एक बारीक तार बाभळीकडं गेली होती. बाभळीमागं ओल्या चिखलात महाराजांचा चेला ती ताणून बसला होता! त्यानं ओढली की लाईन थरथरायची थांबे, आणि लाईनमधली वीज त्या तारेतून जमिनीत जाई. खांब गप्प, भालकीही गप्प. भीमराजांनी लोकांना तो दाखवला. गावकऱ्यांनी मग दोघांना असं पळवलं की महाराजांच्या खडावा तिथंच राहिल्या.

सरुबाई हसली नाही. "खांबात न्हाई, तर माझं लेकरू कुठाय?"

भीमराजांना ते ठाऊक नव्हतं. "कान लावून कळत न्हाई, मावशी. इचारावं लागतंय."

दोघींना जीपमध्ये घालून त्यांनी भालकी गाठली आणि मिलला तार केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "बरा आहे. चिठ्ठी लिहून देणारा सोबती गावी गेला. दिवाळीला येतो. व्यंकट."

इंदिराबाईनं बांगड्या भरल्या हातानं तोंड झाकलं आणि हमसून हमसून रडली.

"लेकरा," सरुबाईनं भीमराजांना विचारलं, "तुला कोण तार करतंय रं?"

"कुणी न्हाई."

दिवाळीत भीमराजांच्या गुलबर्ग्याच्या क्वार्टरवर शिपाई आला. "सायब, तुमची तार!" भीमराजांनी ती दारातच उघडली. "व्यंकट आला. तूही जेवायला ये. सरुबाई."

ते त्याच दिवशी मोटारीनं मेहकरला निघाले.

बाबांनो, खांबाला कान लावून कुणाला मेला म्हणू नका, कुणाच्या बांगड्या फोडू नका. आधी विचारा. आणि गावात कुणी एकटं असेल, तर त्यालाही विचारा, जेवलास का म्हणून.