पेशंटचं नाव

बेळगावात डॉक्टरकी शिकणाऱ्या ऋतिकाची परीक्षा तोंडावर आली होती. पुस्तक तिला पाठ, पण पेशंटला बोलतं करायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. कॉलेजच्या अ‍ॅपवर रोज एक नवी केस यायची, पण मोबाइल थोडाच कण्हतो? म्हणून तिनं निपाणीजवळच्या गावात राहणाऱ्या आपल्या आईलाच पेशंट केलं. केसमधली लक्षणं ती व्हॉइस मेसेजवर सांगून ठेवायची, आई ती ऐकून घोकायची आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मायलेकींचा दवाखाना उघडायचा.

आईला, म्हणजे मनुबाईंना, यात भारी गोडी. एरवी दुखलंखुपलं तरी ब्र न काढणारी ही बाई लेकीसमोर अशी विव्हळायची की शेजारीण धावत यावी. नाव विचारलं की रोज भावकीतल्या एकेकीचं सांगायची. जिच्याशी बिनसलेलं असे, तिच्या वाट्याला मूळव्याध. ऋतिकानं ‘तुम्हाला’ म्हटलं, की मात्र पोरगी आत्ताच डॉक्टर झाल्यासारखे आईचे डोळे भरून यायचे.

त्या दिवशीची केस पित्ताची होती. आईनं सांगितलं, धाप लागते. ऋतिका वैतागली. मेसेज नीट ऐकला नाहीस का, परीक्षा माझी आहे, असं सुनावलंसुद्धा.

पेशंटचं बोलणं मध्येच तोडू नका, हा सरांचा पहिला धडा. ऋतिकाला स्वतःचीच लाज वाटली. तिनं सूर उतरवला आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला घेतलं.

"नाव काय तुमचं?"

आईनं पदर सारखा केला. "मनुबाई."

ऋतिका फोनच्या जवळ सरकली. "कधीपासून होतंय असं?"

"दिवाळीपास्नं. मळ्यातनं घरला येताना वाटंत बसाय लागतंय. पायबी सुजत्यात." मग घाईनं म्हणाली, "तुझी परीक्षा हुंदे, मग बघू म्हटलं हुतं."

खुशाली विचारली की ‘मला काय धाड भरलीया’ हे आईचं ठरलेलं उत्तर. तक्रार करायची मुभा तिला पेशंट होऊनच मिळाली होती. इतके दिवस तिचा चेहरा समोर धरून बसले आणि मला फक्त माझी परीक्षा दिसली, हे ऋतिकाला फार लागलं.

"आई, उद्या पहिल्या गाडीनं ये. मी स्टँडवर येते, तिथून थेट आमच्या कॉलेजच्या दवाखान्यात जाऊ."

आईनं जरा विचार केला. "येते. पर तितं सगळ्यांम्होरं मला ‘तुम्ही’च म्हण."

"व्हय," ऋतिका म्हणाली, आणि डोळे पुसायला तिनं फोन गादीवर पालथा ठेवला.