ताई मॅचला येत नाही

फ्यूज हे काही आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव नव्हे. पण जो माणूस दिवसभर मिक्सर, इस्त्र्या आणि पंखे दुरुस्त करतो आणि मॅच बघायला बसला की ज्याचं स्वतःचं डोकं दर पाच मिनिटांनी उडतं, त्याला मित्रांनी दुसरं काय म्हणायचं? फ्यूजच! आता तर त्याची बायकोसुद्धा फोनवर "हे फ्यूज आहेत का तिकडे?" असं विचारते.

त्याचं दुकान म्हणजे एकच खोली. छताला पंख्यांच्या पात्या लटकलेल्या, टेबलावर पोट उघडून निजवलेले मिक्सर, आणि या इस्पितळाच्या मधोमध तीन स्टुलं. सीझनच्या शेवटच्या मॅचच्या आदल्या संध्याकाळी या स्टुलांवर बसून आपल्या फुटबॉल क्लबच्या जुन्या आठवणी उगाळायच्या, हा तिघांचा वर्षानुवर्षांचा नेम. तिघं म्हणजे फ्यूज, शाळेत भूगोल शिकवणारे मास्तर आणि बारक्या. बारक्या स्टुलावर बसला की स्टूल दिसेनासं होतं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

या वर्षी मात्र आठवणींना धार चढली होती, कारण क्लब पुन्हा कड्यावर येऊन उभा होता. उद्याची मॅच निदान बरोबरीत सुटली तर वाचलो. हरलो तर थेट खालच्या डिव्हिजनमध्ये, जसे पंधराएक वर्षांपूर्वी गेलो होतो तसे.

"तेव्हाही असंच पोटात गोळा आला होता," बारक्या म्हणाला.

"तुझ्या पोटात गोळ्याला जागा कुठली?" मास्तर म्हणाले.

इतक्यात दारात ताई उभी राहिली. हातात बंद पडलेली इस्त्री. ताई म्हणजे फ्यूजची सख्खी थोरली बहीण, पण ताई सगळ्यांचीच. उभी हयात तिने तयार कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या बाह्या शिवल्या. तिथे मशीनच्या खडखडाटात शेजारणीशी बोलायचं तर ओरडावंच लागे. त्यामुळे तिचा आवाज असा तयार झाला होता की एके काळी स्टँडमध्ये ती ओरडली की मैदानावरचा रेफरी वळून बघायचा. आता ती रिटायर झाली होती आणि परवा कायमची मुलाकडे राहायला निघाली होती, पार दूरच्या शहरात.

"ही जाण्याआधी नीट करून दे रे छोट्या," ती म्हणाली. "सुनेपुढे बंद इस्त्री घेऊन कुठे जाऊ?"

फ्यूजने आपलं स्टूल तिला दिलं आणि स्वतः टेबलाला टेकून इस्त्रीचे स्क्रू काढायला लागला. गप्पा मागील पानावरून पुढे चालू.

"ती शेवटची मॅच," मास्तर चष्मा वर सरकवत म्हणाले, "आपल्याच डिफेंडरने आपल्याच जाळ्यात हेडर मारला. खलास! पण काही म्हणा, सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं त्याच्यासाठी. काय प्रेक्षक होते तेव्हा!"

"टाळ्या?" ताईने डोळे मोठे केले. "मास्तर, शाळेत हेच शिकवता का? टाळ्या कसल्या, तुम्ही खुर्ची लाथांनी बडवत होता! आणि हा बारक्या शेजारच्या बाईच्या पदरात तोंड खुपसून रडत होता. ती बिचारी म्हणतेय, अहो, मी तुम्हाला ओळखत नाही हो!"

बारक्या हसून हसून लाल झाला. "आणि तू काय करत होतीस?"

"मी ओरडत होते. तो पोरगा गवतात पालथा पडला होता ना, उठेचना. कोणी जवळ जाईना त्याच्या. मी आपली ओरडतेय, ऊठ रे बाळा, ऊठ! घसा गेला माझा. शेवटी उठला एकदाचा."

तिने त्या वर्षातल्या कितीतरी गोष्टी सांगितल्या. कुत्रं मैदानात शिरलं आणि आमच्या फॉरवर्डपेक्षा त्याने बॉल जास्त वेळ पायात ठेवला ती मॅच. गोलीचा बूट बॉलबरोबर उडाला आणि तो बूट पकडायला धावला ती मॅच. हरण्याचं एवढं रसाळ वर्णन! तिघांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, हसून की कशाने ते त्यांनाच कळेना.

मग बारक्या म्हणाला, "पण दुसऱ्या वर्षी कसे चढलो!" आणि गाडी चढायच्या सीझनवर आली. तिघंही एकाच वेळी बोलायला लागले. तो लांबून मारलेला गोल. शेवटच्या शिट्टीला बारक्याने पोलिसाला मिठी मारून त्याची टोपी स्वतःच्या डोक्यावर घातली होती. मास्तर, म्हणजे आपले शिस्तीचे मास्तर, कठड्यावर चढून नाचले होते. "आणि फ्यूजची चप्पल!" "अरे ती चप्पल!" चप्पल हा शब्द निघाला तरी तिघं लोटपोट.

फ्यूज हसता हसता ताईकडे बघायला गेला आणि हसायचा थांबला. ताईसुद्धा हसत होती. पण कशी? दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम हातात दिल्यावर आपण हसतो ना, प्रत्येक फोटोला थोडं थोडं, तशी. त्या सीझनमधलं तिच्याकडे सांगायला काहीच नव्हतं. कारण ती एकाही मॅचला नव्हती.

आणि ती नव्हती, कारण फ्यूजने तिला सांगितलं होतं, येऊ नकोस.

झालं होतं असं. पडण्याच्या वर्षी ताई मैदानावरची एकूण एक मॅच बघायला आली, फक्त एक चुकली. त्या दिवशी कारखान्यात ओव्हरटाइम लागला होता. आणि नेमकी तीच मॅच क्लबने जिंकली! मास्तरांच्या ते लक्षात आलं आणि ते मजेत म्हणाले, "ताई, तुमचा पाय पांढरा दिसतोय." सगळे हसले. मग ती शेवटची मॅच हरून बाहेर पडताना फ्यूजचं डोकं नेहमीप्रमाणे उडालं आणि तो भर गर्दीत बोलला, "ताई, पुढच्या वर्षी तू घरीच बस. एकदा तरी जिंकू दे आम्हाला." रागातलं बोलणं. घरी पोचेपर्यंत तो विसरलाही. पण नव्या सीझनच्या पहिल्या मॅचला ताई खरोखरच आली नाही, आणि क्लब जिंकला. दुसऱ्या मॅचला नाही, पुन्हा जिंकला. मग कोणी तिला बोलवायला गेलं नाही. चाललंय ते चांगलं चाललंय, कशाला हात लावा? वर्ष संपलं, क्लब वर चढला, पुढची वर्षंही गेली. ताई मॅचला येत नाही, ही गोष्ट सूर्य पूर्वेला उगवतो तशी होऊन बसली. का येत नाही, हेही कोणी विचारेनासं झालं.

"काय रे," ताई उठता उठता सहज म्हणाली, "उद्याचं एखादं जास्तीचं तिकीट आहे का? परवा तर चाललेच मी."

मास्तर नेहमी चार तिकिटं काढतात, चौथ्या खुर्चीवर पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या ठेवतात, हे तिघांनाही ठाऊक होतं. मास्तरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. बारक्याने दाराबाहेर पाहिलं, जणू रस्त्यावर काही चाललं होतं.

"नाही म्हणजे, तसं काही नाही ताई," बारक्या चाचरला. "पण उद्या जरा... म्हणजे उद्याची मॅच जरा तशी आहे ना."

ताईने भावाकडे पाहिलं. फ्यूजला त्या क्षणी एवढंच म्हणायचं होतं, "चल की, वेडी आहेस का विचारायला!" एवढंच. पण उद्या हरलो तर? बारक्या आयुष्यभर बोलून दाखवेल. आणि खरं सांगायचं तर फ्यूजच्याही मनाच्या एका कोपऱ्यात पाल चुकचुकलीच. त्याने मान खाली घातली आणि इस्त्रीची वायर ओढून बघितली. वायर चांगली घट्ट होती.

"अरे, गंमत केली!" ताई मोठ्याने हसली. "मला कुठे वेळ आहे? अर्धं घर बांधायचं राहिलंय." आणि ती गेली. इस्त्री तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टँड खच्चून भरलं होतं. गळे फाटत होते, ढोल वाजत होते. फ्यूजच्या उजवीकडे मास्तर, पलीकडे बारक्या आणि डावीकडे चौथी खुर्ची. तिच्यावर बारक्याची पिशवी ऐसपैस बसली होती. बाकी अख्ख्या स्टेडियममध्ये एक जागा रिकामी नव्हती, माणसं पायऱ्यांवर दाटीवाटीने बसली होती, आणि बारक्याची पिशवी मात्र मॅच बघत होती! एका आजोबांनी विचारलंसुद्धा, "ही जागा कोणाची आहे का?" मास्तर चटकन म्हणाले, "हो, आहे." कोणाची ते त्यांनी सांगितलं नाही.

हाफ टाइम झाला तेव्हा शून्य-शून्य होतं. फ्यूज उठला.

"समोसे नको आणूस, माझ्या घशाखाली उतरणार नाहीत," बारक्या म्हणाला. बारक्याच्या तोंडून असं वाक्य पहिल्यांदाच निघत होतं, यावरून परिस्थिती ओळखा.

"मी ताईला घेऊन येतो," फ्यूज म्हणाला.

"काय?" बारक्याने त्याचा शर्टच धरला. "फ्यूज, हात जोडतो, आज नको! फक्त आजचा दिवस. उद्या तिला पालखीतून आणू."

"उद्या ती जाणार आहे," फ्यूज म्हणाला आणि शर्ट सोडवून पायऱ्या उतरला. मास्तरांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली, पण चेहरा असा की जणू ती दगडांनी भरली होती.

ताईचं घर स्टेडियमच्या मागच्या गल्लीत. फ्यूज धापा टाकत जिने चढला. दार उघडंच होतं. खोलीत खोकी, दोरीचे गुंडाळे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली भांडी, आणि मधोमध ताई, एका खोक्यावर गुडघा रोवून दोरी आवळत होती.

"अगं बाई! मॅच सोडून आलास? काय झालं? हरतोय?"

"शून्य-शून्य आहे. चल, ऊठ. जागा आहे तुझी. पळत गेलो तर सगळा सेकंड हाफ मिळेल."

ताईने दोरीची गाठ पुरी केली. मग म्हणाली, "नको."

"ताई, कालचं चुकलं माझं. मी बोलायला हवं होतं. चल आता."

"काल म्हणाला असतास तर आले असते रे." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते बोलणं जास्त लागलं. "मला मॅचचं एवढं नव्हतं. मला वाटलं, मी तिकीट मागितलं की तुम्ही हसाल. म्हणाल, ताई, ते खूळ अजून डोक्यात आहे तुझ्या? तुम्ही हसला असतात तर मीही हसले असते आणि विषय संपला असता. पण कोणी हसलं नाही."

"अगं, ती गंमत होती! पंधरा वर्षांपूर्वीची गंमत!"

"तुझ्या लेकीची पहिली मुलाखत होती त्या सकाळी तू मला बोलवायला आलास. निघताना तिच्या पाठीवरून हात फिरव म्हणालास. मी काय म्हणाले, आठवतं?"

"डोकं दुखतंय म्हणालीस."

"पन्नास मशीनच्या खडखडाटात माझं डोकं कधी दुखलं नाही छोट्या." ती भांडी गुंडाळायला लागली. "सून बाळंत होत होती तेव्हा सगळे वर होते, मी दवाखान्याच्या फाटकाशी बाकावर बसून राहिले. बाळ रडल्याचा फोन आला तेव्हा वर गेले. म्हटलं, आपल्यामुळे उगाच कशाला काही."

फ्यूजला वाटत होतं, आपण हिची पंधरा वर्षांची फुटबॉलची मजा घेतली. फार तर तेवढीच. हे बाकीचं सगळं आपण कधी घेतलं? कोणत्या वाक्याला? गर्दीत, रागाने बोललेल्या त्या एका वाक्याला?

"ताई, खरं सांगतो, असं काही नसतं गं. तू आलीस आणि हरलो तरी चालेल मला. पडू दे क्लब!"

"तुला चालेल. मला नाही चालायचं," ती म्हणाली. "जाण्याच्या आदल्या दिवशी तर नाहीच."

आणि तेवढ्यात खिडकीतून ती गर्जना आत आली. काचा थरथरल्या. गल्लीतली कबुतरं एकदम उडाली. असा आवाज फक्त आपल्या गोलला येतो. ताईचे दोन्ही हात वर गेले, हातातलं भांडं पडून घणघणत कोपऱ्यात गेलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की क्षणभर ती जुनी ताई दिसली, स्टँडमधली.

"गोल! छोट्या, गोल!" आणि मग, सगळं सिद्ध झाल्यासारखं, हळूच, "बघितलंस?"

"हा योगायोग आहे, ताई."

"असेल," ती समजूत काढल्यासारखी म्हणाली.

फ्यूजचा फोन वाजला. बारक्या. मागे इतका कल्लोळ की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"फ्यूज! कॉर्नरवरून घुसवला! कुठे आहेस तू? तिला आणत नाहीयेस ना? फ्यूज, देवाशपथ सांग, ती घरीच आहे ना?"

फ्यूज काही बोलायच्या आत ताईने फोन घेतला.

"मी आहे रे बारक्या. घरीच आहे. तू निवांत मॅच बघ, शिट्टी वाजेपर्यंत मी इथून हलत नाही." ती ऐकत राहिली, हसली. "बरं बरं. मास्तरांनाही सांग."

तिने फोन परत दिला. फ्यूजने तो बंद करून खिशात टाकला. आता मैदानावर जावं तर हिला एकटीला सोडून जावं लागणार होतं, आणि थांबावं तर आपणही ते खरंच मानतो असं तिला वाटणार होतं, हे त्याला दिसत होतं. ती जमिनीवर बसली, पाठ भिंतीला टेकवून, हात मांडीवर जुळवून, अगदी स्थिर. हलायचंच नाही ठरवलेल्या माणसासारखी.

फ्यूज तिच्या शेजारी बसला. बाहेर लोक ओरडत होते आणि मिनिटं जाता जात नव्हती. मध्येच त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती दचकली.

"नको रे," ती कुजबुजली. "संपेपर्यंत नको."

त्याने हात काढून घेतला.